नसीमताईंचं दुसरं हेल्मेट

डांगे चौकातल्या बाजारात मी मेथीच्या जुड्या उलट्यापालट्या करून बघत होते आणि भाजीवाला माझ्यावर वैतागत होता, तेवढ्यात फोन वाजला. चाकणच्या कमलमावशी. या बाई फोनवर कधी हळू बोलत नाहीत. खानावळ चालवणाऱ्याचा आवाज तो, शेवटच्या टेबलापर्यंत पोचणारा. त्या दिवशी मात्र मला काही ऐकूच येईना. "मावशी, जरा मोठ्यानं बोला हो," मी म्हटलं. पलीकडून आधी हुंदका आला आणि मग शब्द. "बाई गेल्या माय… आपल्या वकीलबाई गेल्या." जुडी तशीच माझ्या हातात राहिली. भाजीवाल्याने ती हलकेच काढून घेतली आणि बसायला एक रिकामा क्रेट पुढे सरकवला. अ‍ॅडव्होकेट नसीम मुलाणी पहाटे झोपेतच गेल्या होत्या. आदल्या संध्याकाळीच त्या फोनवर माझ्याशी भांडल्या होत्या, मी गुडघ्याचे व्यायाम करत नाही म्हणून. त्याला आता काही आठवडे झाले, तरी संध्याकाळी फोन वाजला की मी व्यायाम न केल्याची सबब आधी शोधते आणि मग आठवतं.

आमची ओळख झाली ती माझ्या सासूबाईंमुळे, आणि तीही सासूबाई गेल्यानंतर. मी मूळची सांगवीची, लग्न केलं ते चाकणच्या कंपनीत नोकरीला आलेल्या एका बंगाली इंजिनिअरशी. सासूबाईंचं माहेर फाळणीआधीचं, सीमेपलीकडच्या खेड्यातलं. थेरगावच्या आमच्या घरात त्या कितीतरी वर्षं राहिल्या आणि मराठीचा एक शब्द त्यांनी तोंडाला लावून घेतला नाही. त्यामुळे त्यांच्याशी भांडता भांडता मी त्यांची ती गावाकडची बंगाली शिकले. त्या गेल्या आणि घर गप्प झालं. मग एका दुपारी दारात एक बाई उभी. अंगात काळा कोट, डोक्यावर हेल्मेट, हातात दुसरं हेल्मेट. "सासूशी बंगालीत भांडायच्या त्या तुम्हीच ना? तुमचा वॉचमन माझा अशील आहे, त्याने सांगितलं. चला." मी म्हटलं, "अहो, कुठे? आणि मी भात टाकलाय कुकरमध्ये." त्यावर त्या म्हणाल्या, "शिट्ट्या मोजायला घरात कुणी नाही का?" नवरा होता. त्याने मोजल्या. भूगोल शिकवण्यात आयुष्य घालवलेली मी निवृत्त मास्तरीण अशी दुभाषी झाले.

त्या दुसऱ्या हेल्मेटबद्दल सांगायलाच हवं. आपल्याकडे हेल्मेट ही आरशाला लटकवून हिंडवायची वस्तू आहे. नसीमताईंचे वडील मात्र पिंपरीत गॅरेज चालवायचे आणि अपघातातल्या गाड्या त्यांच्याकडे दुरुस्तीला यायच्या, तेव्हा या बाबतीत ते मुलांना दयामाया दाखवत नसत. ताईंच्या जुन्या स्कूटरला म्हणून नेहमी दोन हेल्मेटं. पहिल्याच दिवशी, 'तुम्ही'वरून थेट 'तू'वर येत त्यांनी मला बजावलं, "हे तुझं नाही, मुलीचं आहे. जाताना तू घालायचं. येताना माझ्या मागे मुलगी बसेल आणि तू बसने यायचं." मला ते जरा उद्धटच वाटलं होतं. नंतर कारण कळलं. सीमेपलीकडून फसवून आणलेली, बंगालीच बोलणारी मुलगी धाडीत सापडून पोलिसांच्या जीपमधून आली की तिला वाटतं आपणच गुन्हेगार. तिने निवारागृहापर्यंत उघड्यावरून, वारा खात जावं, असा ताईंचा हट्ट. त्यासाठी कोर्टाची परवानगी मागायच्या, महिला शिपाई आपल्या गाडीवरून मागोमाग यायची. तेव्हा हिशोब सोपा होता. मी बसने घरी आले तर मुलगी वाचली. मी स्कूटरवरून परत आले तर…

एकदा आले होते. भोसरीकडची एक मुलगी. आम्ही पोचलो तोवर तिला सीमेकडे जाणाऱ्या गाडीत बसवून रवाना केलं होतं. पोलीस ठाण्यातला माणूस वाईट नव्हता, त्याने आम्हाला चहा विचारला. ताईंनी नको म्हणून मान हलवली आणि बाहेर येऊन दुसरं हेल्मेट माझ्या हातात दिलं. नाशिक फाट्याच्या सिग्नलला त्या मागे न बघता म्हणाल्या, "पलीकडे तिला उतरवून घ्यायला कोण उभं असेल, सांग बरं?" विकणारा बहुतेक वेळा गावातलाच असतो, हे तोवर मलाही कळलं होतं. त्या मुलीचं पुढे काय झालं ते आम्हाला कधीच समजलं नाही, आणि ते हेल्मेट त्या दिवशी डोक्यावर इतकं जड का वाटलं होतं, हे मला विचारू नये.

कायदा मला त्यांनीच शिकवला, कोर्टाबाहेरच्या टपरीवर. परदेशी माणूस कागदपत्रांशिवाय सापडला की त्याच्यावर खटला होतो, नाहीतर त्याला देशाबाहेर काढतात. पण जिला फसवून, विकून आणलं आहे, तिची गोष्ट वेगळी. कागद नाहीत म्हणून तिला आरोपी करू नये, सुरक्षित जागी ठेवावं, चौकशी करावी आणि परत पाठवायचं तर घरी कोण आहे, कुणाच्या ताब्यात देतोय हे बघून रीतसर पाठवावं, असं सरकारनेच सांगून ठेवलेलं आहे. आणि जिवाचं रक्षण घटनेने नागरिकालाच नाही, प्रत्येक माणसाला दिलं आहे. "सगळं लिहिलेलं आहे गं," त्या म्हणायच्या. "फक्त ती विकून आणलेली आहे हे आधी कुणाला तरी दिसायला हवं. परत पाठवणं आणि हाकलणं यात एवढाच फरक आहे." म्हणून ठाण्यात गेल्या की त्या एकच गोष्ट आधी विचारायच्या, "साहेब, मुलीला पहिला प्रश्न कोणता विचारला?" उत्तर ठरलेलं, 'कुठली आहेस'. "कुठली विचारलं की चौकशी सीमेपाशी जाऊन थांबते. कुणी आणलं, ते विचारा." काही साहेब हसायचे, काही चिडायचे. पण काही विचारायचेही.

कमलमावशींची आणि आमची गाठ पडली ती एका शनिवारी, अशाच एका प्रकरणात. या मावशी लातूरकडच्या. नवरा गेल्यावर लेकरांना घेऊन चाकणला आल्या आणि एमआयडीसीलगत कंपनीतल्या पोरांसाठी खानावळ काढली. त्यांच्या मागच्या दारी एक मुलगी पाणी मागायला आली आणि राहिलीच. तिला मी इथे शेफाली म्हणते, खरं नाव लिहिणार नाही. पॅकिंगचं काम देतो म्हणून तिला बांगलादेशातून आणलं होतं आणि इथे एका बाईने फ्लॅटमध्ये कोंडून नको त्या धंद्याला लावलं होतं. तिथून ती पळाली होती. मावशींनी तिला जेवू घातलं, चपात्या लाटायला बसवलं आणि कुणी विचारलंच तर काय सांगायचं तेही ठरवून टाकलं. ही माझी भाची रूपा, उदगीरहून आली आहे. तिच्या कपाळाला टिकली लावली, चार वाक्यं मराठी पढवली. अत्यंत प्रेमाने केलेली ही चूक त्या मुलीच्या गळ्याशी आली. भाड्याच्या खोल्यांची तपासणी करत पोलीस आले, मावशींना स्वयंपाकघरात आणि मुलीला अंगणात वेगवेगळं उभं करून त्यांनी मुलीच्या आईचं नाव विचारलं. दोघींनी दोन नावं सांगितली. झालं! पळून आलेली मुलगी क्षणात नाव बदलून राहणारी घुसखोर झाली. तिला घेऊन गेले आणि मावशींनी खानावळीला कुलूप घातलं. खानावळीतल्या एका गिऱ्हाइकाने ताईंना फोन केला.

आम्ही ठाण्यात पोचलो तेव्हा साहेब जेवणाचा डबा उघडून बसले होते. "मॅडम, ही केस सरळ आहे," ते म्हणाले. "बांगलादेशी आहे, नाव खोटं, नातं खोटं. उद्या सकाळी काही लोकांना सीमेकडे पाठवतोय, त्यांच्यात हीसुद्धा जाईल." ताईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. साहेबांनी पोळीचा तुकडा तसाच हातात धरला. "तिला कुणी आणलं ते तिनेच सांगावं ना मग! ती तर अजून म्हणते मी उदगीरची. तुम्ही विचारा, माझी ना नाही."

मी विचारलं. सासूबाईंच्या बोलीत, जितक्या मऊ आवाजात मला येतं तितक्या मऊ आवाजात. तुझ्या गावाचं नाव काय गं? इथे कुणी आणलं? ती बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसली होती. विशीचीसुद्धा नसावी. माझे शब्द तिला कळत होते, कारण पहिल्याच शब्दाला तिची पापणी हलली. पण ती माझ्याकडे कोऱ्या डोळ्यांनी बघत राहिली आणि मावशींच्या शब्दांत म्हणाली, "म्या उदगीरची हाय. कमल माझी मावशी हाय." मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझाच आवाज चढला. ही मुलगी स्वतःच्या हाताने स्वतःला त्या गाडीत बसवत होती आणि मला तिला गदागदा हलवावंसं वाटत होतं. ताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "थांब. ती स्वतःसाठी खोटं बोलत नाहीये. खरं सांगितलं तर मावशीला पकडतील, हे तिच्या डोक्यात आहे." मग साहेबांकडे वळून त्या म्हणाल्या, "मी तिच्या मावशीला घेऊन येते. तोवर हिला कुठे हलवू नका." साहेब म्हणाले, "आज कोर्टात सुट्टीचे न्यायाधीश आहेत, तेही दुपारनंतर उठून जातील. बघा बुवा."

खानावळीच्या मागच्या खोलीत मावशी अंधार करून बसल्या होत्या. शेगडीवर मात्र डाळ शिजत होती. संध्याकाळी पोरं उपाशी राहतील म्हणून कुलपाआड राहूनही स्वयंपाक चालू होता. "म्या न्हाई येणार," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "मला आत टाकतील. म्या गेल्यावर मपल्या लेकरांकडं कोण बघंल? काय वाईट केलं ओ म्या? पोरीला भाकर दिली." नसीमताई तिथेच जमिनीवर बसल्या. मला वाटलं आता त्या सांगतील, काही होणार नाही, घाबरू नका. कुणीही तेच सांगितलं असतं. त्या म्हणाल्या, "टाकणार नाहीत असं मी म्हणत नाही, मावशी. मी भांडेन. तुमच्या शेजारी उभी राहीन, जितक्या वेळा बोलावतील तितक्या वेळा. याच्यापलीकडे माझ्या हातात काही नाही." मला त्यांचा भयंकर राग आला. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं, न्यायाधीश उठून जाणार होते, आणि या बाई खरेपणा कसला दाखवत बसल्या होत्या! मावशी उठल्या, गॅस बंद केला, कणकेवर ओलं फडकं टाकलं आणि म्हणाल्या, "ते डोक्यात घालायचं आणा हिकडं." पदरावरून हेल्मेट चढवून मावशी ताईंच्या मागे बसल्या आणि मी रिक्षाच्या मागे धावले.

मी ठाण्यात पोचले तेव्हा मावशी साहेबांसमोर उभ्या होत्या. "लिवा सायेब, म्या खोटं बोलले. ही माझी भाची न्हाई. कुठल्या तरी फ्लॅटातून पळून आली व्हती, म्या ठिवून घेतली." मग त्या शेफालीच्या बाकापाशी गेल्या. तिच्या कपाळावरची टिकली त्यांनी बोटाने काढली आणि म्हणाल्या, "खरं सांग माय आता. समदं सांग. तू माझी कुणी न्हाईस." एवढं बोलताना त्यांचा तो खानावळीचा आवाज पार फाटला. मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली. तिच्यासाठी या देशात एकच नातं होतं आणि तेही आत्ता सगळ्यांसमोर काढून घेतलं होतं. आणि मग ती माझ्याकडे वळली आणि बंगालीत बोलायला लागली. एवढं भरभर की मला तिला थांबवावं लागलं. तिला विकलं होतं तिच्या सख्ख्या मावशीने. खाला, आईची धाकटी बहीण, घराला घर लागून राहणारी. आधीही दोन मुली तिने अशाच पाठवल्या होत्या. मी वाक्यामागून वाक्य मराठीत सांगत होते आणि साहेबांच्या डब्यातली भाजी केव्हाच गार झाली होती. ते उठले, शिपायाला म्हणाले, "गाडी काढ. कोर्टात जाऊ."

कोर्टात न्यायाधीश खुर्चीवरून उठण्याच्या बेतात होते. सरकारी वकिलांचं म्हणणं थोडक्यात होतं, हिच्या बोलण्यावर विश्वास कसा ठेवायचा, सकाळपासून खोटंच बोलते आहे. ताई म्हणाल्या, "खोटं बोलली हे खरंच आहे. खरं बोललं की कुठे पाठवतात ते तिला माहीत होतं." न्यायाधीशांनी चष्मा काढून मुलीकडे पाहिलं. मला म्हणाले, "तिला विचारा, तुला घरी जायचं आहे का?" नाही म्हणाली तर ती इथे राहायला आली आहे असं होईल, हो म्हणाली तर गाडी उद्या सकाळीच उभी आहे. मी ताईंकडे पाहिलं. त्या हातातल्या पेनाकडे बघत होत्या. मी जसा होता तसा प्रश्न विचारला. शेफाली म्हणाली, "आईकडे जायचंय. खालाकडे नाही." मी ते मराठीत सांगितलं. मग न्यायाधीश लिहायला लागले. पीडित म्हणून निवारागृहात ठेवावं, पूर्ण चौकशी होईपर्यंत देशाबाहेर पाठवू नये.

खाली आल्यावर ताईंनी दुसरं हेल्मेट स्वतः तिच्या डोक्यावर घातलं, हनुवटीखालचा पट्टा लावला. मुलगी मागे बसली आणि ताईंच्या काळ्या कोटाला तिने दोन्ही मुठींनी धरलं. मावशी आणि मी बस थांब्यावर उभ्या होतो. बस येईपर्यंत मावशी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या आणि मीही.

हे सगळं फार छान झालं असं वाटू नये. मावशींना त्यानंतर कितीदा तरी जबाबाला बोलावलं आणि दर वेळी पोटात भीती घेऊनच त्या गेल्या. प्रत्येक वेळी ताई शेजारी उभ्या होत्या. मावशींवर गुन्हा लागला नाही, साक्षीदार म्हणूनच नाव राहिलं, पण ते कळेपर्यंतचे महिने त्यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. शेफालीच्या साक्षीवर त्या फ्लॅटवाल्या बाईवर खटला उभा राहिला. ताईंच्या वाट्याला मात्र वेगळंच आलं. संत तुकाराम नगरमध्ये जन्म काढलेल्या या बाईला तिथलेच लोक घुसखोरांची वकील म्हणू लागले. मुलाणी आडनाव होतं, म्हणजे बोलणाऱ्यांचं काम आणखीनच सोपं. माझ्या दिराने माझ्या घरात, माझ्या हातचा चहा पिताना ताईंना विचारलं, "सगळ्यांनाच ठेवून घ्यायचं का मग?" मी कप आपटला. ताई शांतपणे म्हणाल्या, "ठेवून घ्या असं मी कुठे म्हणते, भाऊजी? कुणाच्या हातात देताय ते बघा म्हणते." दिराने चहा संपवला. घरी गेल्यावर ताई रडल्या असतील का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. आता पडतो.

शेफाली गेली ती रीतसर गेली. तिकडच्या लोकांनी चौकशी केली, आई त्या घरातून उठून मामाकडे राहायला गेल्याची खात्री झाली, आणि मग सही-शिक्क्यानिशी, दिवसाउजेडी, आईच्या हातात तिला दिलं. निघताना मावशींनी तिला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा दिला. ती त्यांना मावशीच म्हणाली. मावशींनी तिला दुरुस्त केलं नाही.

ताईंची मय्यत निघाली तेव्हा पुरुष कब्रस्तानात गेले आणि आम्ही बायका संत तुकाराम नगरच्या त्यांच्या खोलीत बसून राहिलो. दारामागच्या खिळ्याला दुसरं हेल्मेट टांगलेलं होतं. मावशींनी ते काढून मांडीवर घेतलं आणि पदराने पुसलं. आतल्या कापडाला खोबरेल तेलाचा वास येत होता, कितीतरी मुलींच्या डोक्यांचा तो वास. ताईंची धाकटी बहीण रेहाना म्हणाली, "सुजाताताई, हे तुम्ही न्या. आपा म्हणायची, सुजाताला हे फक्त अर्ध्या रस्त्याला मिळतं म्हणून ती कुरकुरते." मला हसू आलं, आणि मग ते हसू आवरेना आणि त्याचं रडू कधी झालं ते कळलं नाही. मला त्या फार हव्या होत्या अजून.

हेल्मेट मी घरी आणून कपाटावर ठेवलं. माझ्या मनात ते प्रकरण मिटलं होतं. मागच्या आठवड्यात दारात एक मुलगी उभी. अंगात काळा कोट. ताईंच्या हाताखाली शिकलेली प्रज्ञा. "सुजातामावशी, एक मुलगी आहे, बंगाली बोलते, तिला उद्या पाठवणार आहेत म्हणे. माझ्याकडे ताईंची स्कूटर आहे, पण हेल्मेट एकच आहे." कुकर लावलेला होता. मी नवऱ्याकडे पाहिलं, तो न सांगता गॅसपाशी जाऊन उभा राहिला. मी कपाटावरचं हेल्मेट काढून डोक्यात घातलं.

त्या दिवसाबद्दल लिहिता येणार नाही, प्रकरण अजून चालू आहे. प्रज्ञा नवखी आहे. ठाण्यात तिची जीभ अडखळली, कोर्टात एकदा कागद हातातून पडले. पण ठाण्यात शिरल्याबरोबर तिने तोच प्रश्न विचारला, पहिला कोणता विचारला म्हणून, आणि मी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले. दुपारी आम्ही हरलोच असं मला वाटत होतं. परतीच्या रस्त्यावर प्रज्ञाला काय सांगायचं याचे शब्द मी मनात जुळवत होते.

ते शब्द लागले नाहीत. संध्याकाळी मी बसने घरी आले.